विश्लेषण : बॅटरी आठ मिनिटांची, शर्यत पाऊण तासाची! फॉर्म्युला-ईची विजेवरची गाडी घडते कशी?

आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाईल महासंघाने (एफआयए) नोव्हेंबर २०२५ मध्ये फॉर्म्युला-ई अजिंक्यपद स्पर्धेची चौथ्या पिढीची गाडी जगासमोर आणली. २०२६-२७ च्या हंगामापासून ती धावणार आहे. कमाल ६०० किलोवॅट म्हणजे सुमारे ८०० अश्वशक्ती, चारही चाकांना कायम ताकद आणि आधीपेक्षा बरीच मोठी बॅटरी, अशी तिची वैशिष्ट्ये सांगितली जात आहेत. साहजिकच चर्चा वेगाची आहे. मात्र विजेवरच्या एकआसनी शर्यतगाडीचा २०१४ पासूनचा प्रवास पाहिला, तर वेग वाढवणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग ठरतो. मोजकी ऊर्जा शेवटच्या वळणापर्यंत पुरवणे हे खरे अवघड काम. गाडीचा जवळपास प्रत्येक भाग याच एका अडचणीभोवती आखलेला आहे. ही गाडी कशी बदलत गेली, तिच्यातले काय कोण बनवते आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्ज होणाऱ्या गाडीला यातून खरेच काही मिळते का, याचा हा आढावा.

गाडीत ऊर्जा असते तरी किती?

सध्याच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीतील बॅटरीतून वापरता येणारी ऊर्जा आहे ३८.५ किलोवॅट-तास. वीजबिलाच्या भाषेत साडेअडतीस युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट इतकी ऊर्जा साठलेली असते. म्हणजे ही गाडी जेमतेम सव्वाचार लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन शर्यतीला उतरते. महिंद्राच्या ‘बीई ६’ या रस्त्यावरच्या गाडीला लहानात लहान बॅटरी घेतली तरी ती ५९ युनिटची असते. शर्यतगाडीकडे त्याहूनही कमी शिदोरी आहे.

आता खर्चाची बाजू. शर्यतीत गाडीला ३०० किलोवॅट ताकद वापरण्याची मुभा आहे. चालकाने पूर्ण ताकद सलग वापरली असे धरले, तर बॅटरी ७ मिनिटे ४२ सेकंदांत रिकामी होईल. शर्यत चालते पाऊण ते एक तास. हाच हिशेब चारही पिढ्यांना लावून पाहिला तर चित्र असे दिसते :

- पहिली पिढी (२०१४) : २८ युनिट, शर्यतीत १५० किलोवॅट. पूर्ण ताकदीवर सुमारे ११ मिनिटे.
- दुसरी पिढी (२०१८) : ५२ युनिट, २०० किलोवॅट. सुमारे साडेपंधरा मिनिटे.
- तिसरी पिढी (२०२३) : ३८.५ युनिट, ३०० किलोवॅट. पावणेआठ मिनिटांहून किंचित कमी.
- चौथी पिढी (२०२६-२७) : ५५ युनिट, ४५० किलोवॅट. ७ मिनिटे २० सेकंद.

म्हणजे चौथ्या पिढीची बॅटरी पहिलीच्या जवळपास दुप्पट असली, तरी ताकद तिप्पट झाल्याने ओढाताण कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. हा योगायोग नाही. ऊर्जा मुबलक दिली तर चालकाला आणि अभियंत्यांना काटकसरीचे कारणच उरणार नाही. ती टंचाई नियमांनीच राखलेली आहे.

पहिल्या पिढीत शर्यतीच्या मध्यावर गाडी का बदलावी लागे?

१३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये फॉर्म्युला-ईची पहिली शर्यत झाली. ही स्पर्धा उभी करण्यात स्पेनचे उद्योजक अलेहांद्रो अगाग आणि एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ टॉड यांचा पुढाकार होता. दहा संघ, प्रत्येकी दोन चालक. पण गाड्या मात्र वीस नव्हे, चाळीस. कारण एका बॅटरीत पूर्ण शर्यत निघत नसे. निम्म्या शर्यतीनंतर चालक पिटमध्ये येई, एका गाडीतून उतरून दुसरीत बसे आणि पुन्हा ट्रॅकवर जाई. टीकाकारांना हसायला एवढे पुरेसे होते. विजेच्या गाडीची सगळ्यात मोठी उणीव स्पर्धा स्वतःच जगाला दाखवत होती.

ती गाडी अनेक कंपन्यांनी मिळून बनवली होती. बांधणीची जबाबदारी स्पार्क या फ्रेंच कंपनीकडे होती. कार्बन फायबरचा सांगाडा इटलीच्या डलाराचा, बॅटरी विल्यम्सची, मोटर मॅक्लरेनची, पाच गिअरचा गिअरबॉक्स ह्यूलँडचा, टायर मिशलँचे आणि सगळ्या यंत्रणा एकमेकींशी जुळवण्याचे काम रेनॉचे. पहिल्या हंगामात सर्व संघांना हीच गाडी वापरणे बंधनकारक होते. चालकासह तिचे वजन जवळपास ९०० किलो भरे आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा वाटा एकट्या बॅटरीचा होता.

दुसऱ्या हंगामापासून मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स स्वतः बनवण्याची परवानगी मिळाली. मग प्रयोगांना ऊत आला. कुणी गिअर कमी केले, कुणी एकच ठेवला, कुणी दोन मोटरी बसवून पाहिल्या. दोन मोटरींनी ताकद मिळे, पण वजनही वाढे आणि ते मागच्या बाजूला एकवटे. पुढे बहुतेकांचा कल एक मोटर आणि एकच गिअर या मांडणीकडे गेला. विजेची मोटर शून्य वेगापासूनच भरपूर टॉर्क देते. त्यामुळे गिअर बदलण्यात जाणारा वेळ, ऊर्जा आणि वजन यांतले काहीही सोसण्याची गरज उरत नाही. आज रस्त्यावरच्या बहुतेक विजेच्या मोटारींना गिअर का नसतात, याचे उत्तर हेच आहे.

दुसऱ्या पिढीने काय साधले?

डिसेंबर २०१८ मध्ये सौदी अरेबियातील दिरियाच्या शर्यतीपासून दुसऱ्या पिढीची गाडी आली. बॅटरी मॅक्लरेन अप्लाइड टेक्नॉलॉजीजची आणि क्षमता पहिलीच्या जवळपास दुप्पट. तरीही गाडीचे एकूण वजन फारसे वाढले नाही. चार वर्षांत लिथियम-आयन सेलमध्ये दर किलोमागे साठणाऱ्या ऊर्जेत किती फरक पडला, हे यातून दिसते. गाडी बदलण्याचा प्रकार बंद झाला. एक चालक, एक गाडी, एक बॅटरी असे समीकरण पक्के झाले. चालकाच्या डोक्याचे रक्षण करणारी ‘हेलो’ ही कमानही याच गाडीपासून आली.

‘अ‍ॅटॅक मोड’ हा नियमही तेव्हाचाच. ट्रॅकवरच्या ठरावीक पट्ट्यावरून, म्हणजे शर्यतीच्या सोयीच्या रेषेपासून बाजूला जाऊन गाडी नेली की काही मिनिटे जादा ताकद वापरता येते. जादा ताकद मिळते, जादा ऊर्जा मात्र मिळत नाही. बॅटरी तेवढीच. त्यामुळे ती ताकद केव्हा वापरायची हा निर्णय डावपेचाचा ठरतो.

तिसऱ्या पिढीत मागचे ब्रेक का काढून टाकले?

सर्वात धाडसी बदल इथे झाला. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सिटीत पहिल्यांदा धावलेल्या या गाडीच्या मागच्या चाकांना नेहमीचे, घर्षणावर चालणारे ब्रेकच दिलेले नव्हते. मागे ३५० किलोवॅटची मोटर, पुढे फक्त ऊर्जा परत मिळवण्यासाठी २५० किलोवॅटची आणखी एक मोटर. ब्रेक दाबला की दोन्ही मोटरी जनित्राचे काम करतात आणि एकूण ६०० किलोवॅट दराने वीज बॅटरीत परत पाठवू शकतात.

हे आकडे प्रत्यक्षात काय करतात? गाडी आणि चालक मिळून सुमारे ८५० किलो. ताशी २२० किलोमीटरवरून ६० वर यायचे तर गाडीला साधारण ०.४ युनिट इतकी गतिज ऊर्जा सोडावी लागते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. इथे तिचा मोठा भाग परत येतो. एका ब्रेकमागची ही ऊर्जा बॅटरीच्या क्षमतेच्या एक टक्का आहे आणि शहरातल्या ट्रॅकवर प्रत्येक फेरीत असे जोरदार ब्रेक अनेकदा लागतात. शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी किमान ४० टक्के अशी परत मिळवलेली असते, असे स्पर्धेचे आयोजक सांगतात. हा दावा खरा धरला तर ३८.५ युनिटची बॅटरी प्रत्यक्षात ६४ युनिटचे काम करते. आठ मिनिटांच्या बॅटरीवर पाऊण तासाची शर्यत होते ती अशी.

६०० किलोवॅटने गाडी ओढून धरली तर ताशी २२० किलोमीटर वेगाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.२ पट इतका रोध मिळतो. म्हणजे ब्रेकचे बरेचसे काम मोटरीच करू शकतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मात्र कायम ठेवले आहेत.

कागदावर देखणी वाटणारी ही कल्पना प्रत्यक्षात सरळ गेली नाही. मोटर किंवा बॅटरीने ऐनवेळी काम थांबवले तर मागची चाके अडवायची कशी, हा प्रश्न चाचण्यांदरम्यानच ऐरणीवर आला. अखेर मागच्या चाकांसाठी आपत्कालीन ब्रेकची वेगळी सोय करावी लागली. दुसरी अडचण रोजच्या वापरातलीही आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ती वीज परत घेऊ शकत नाही. त्यामुळे शर्यतीच्या सुरुवातीला चालकाला ब्रेकचा अंदाज वेगळा ठेवावा लागतो. घरी १०० टक्के चार्ज करून निघालेल्या विजेच्या मोटारीत पहिले काही किलोमीटर ‘रीजन’ कमी जाणवते, त्यामागे हेच कारण आहे.

पंख छोटे आणि टायर नक्षीदार का?

फॉर्म्युला-वनची गाडी मोठ्या पंखांनी हवा दाबून स्वतःला रस्त्याला चिकटवून ठेवते. त्याची किंमत ती हवेच्या विरोधातून मोजते. पेट्रोलच्या टाकीला ती परवडते, बॅटरीला नाही. म्हणून फॉर्म्युला-ईच्या गाडीत पंखांचा जोर मुद्दाम मर्यादित ठेवलेला आहे. वळणावरची पकड टायर आणि सस्पेन्शनमधून मिळवायची.

टायरही वेगळे. सुरुवातीपासूनच १८ इंची रिमवरचे, नक्षी असलेले, ऊन-पावसात चालणारे एकच टायर वापरले गेले. आधी मिशलँ, तिसऱ्या पिढीत हँकूक आणि चौथीसाठी ब्रिजस्टोन असा पुरवठादारांचा क्रम आहे. एकाच प्रकारचे टायर असल्याने जगभर वाहून न्यायचा माल कमी होतो. पकड मात्र गुळगुळीत शर्यती टायरपेक्षा कमी मिळते.

हवेच्या विरोधाचा शर्यतीवरही विलक्षण परिणाम होतो. पुढच्या गाडीच्या आडोशाने धावणाऱ्याची ऊर्जा वाचते. त्यामुळे मोकळ्या, लांब ट्रॅकवर कुणालाच आघाडी नको असते. सायकल शर्यतीत घोळका एकत्र धावतो आणि निर्णायक धाव शेवटी होते, तसेच दृश्य इथे दिसते. आघाडीवर जाणे हा तोट्याचा व्यवहार ठरणारी मोटार शर्यत नव्या प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकते, हेही खरे.

संघ स्वतः काय बनवतात?

इथे अनेकांचा गैरसमज असतो. पोर्श, जॅग्वार, निस्सान किंवा महिंद्रा यांची गाडी बाहेरून सारखीच दिसते, कारण सांगाडा, बाह्यांग, बॅटरी, पुढची मोटर आणि टायर हे सगळे समान असते. तिसऱ्या पिढीत सांगाडा स्पार्कचा, बॅटरी विल्यम्स अ‍ॅडव्हान्स्ड इंजिनीअरिंगची, तर पुढची मोटर ल्युसिडच्या तंत्र विभागाची आहे. खर्च हाताबाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

उत्पादकांच्या हाती राहतो तो गाडीचा मागचा भाग : मोटर, इन्व्हर्टर, गिअर, सस्पेन्शन, शीतकरण आणि हे सगळे चालवणारे सॉफ्टवेअर. त्यातही यंत्रसामग्रीचा आराखडा एकदा मंजूर झाला की दोन हंगाम तोच वापरावा लागतो. हंगामाच्या मध्यात सुधारता येते ते सॉफ्टवेअर.

इन्व्हर्टर हा यातला कळीचा घटक. बॅटरीतून एकदिश वीज निघते, मोटरीला लागते प्रत्यावर्ती. हे रूपांतर करताना दर सेकंदाला हजारो वेळा वीजप्रवाह चालू-बंद केला जातो आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक वापरले की हे नुकसान घटते, इन्व्हर्टर लहान होतो आणि त्याला थंड ठेवण्याची यंत्रणाही हलकी होते. व्हेंचुरी संघाने जपानच्या रोम कंपनीच्या साथीने २०१६-१७ च्या हंगामात हे घटक शर्यतीत उतरवले. इथे एक-दोन टक्क्यांची बचत किरकोळ वाटेल. पण शेवटच्या फेरीत तेवढीच ऊर्जा जास्त असणे म्हणजे एखाद-दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याची संधी.

मग खरी स्पर्धा सॉफ्टवेअरची?

बऱ्याच अंशी होय. सरळ रस्त्याच्या शेवटी चालक ब्रेकच्या थोडे आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी वाहू देतो. किती मीटर आधी सोडायचा, त्यातून किती युनिट वाचतील, मागचा प्रतिस्पर्धी त्या फटीत घुसेल का, बॅटरीचे तापमान किती वाढेल, हा हिशेब दर फेरीला नव्याने मांडला जातो. संघ शर्यतीआधी सिम्युलेटरवर त्याचा सराव करतात. दोन मोटरींमध्ये ब्रेकचा भार कसा वाटायचा, हेही सॉफ्टवेअरच ठरवते. त्यात जरा चूक झाली की चाक लॉक होते.

हा हिशेब फसला की काय होते, हे एप्रिल २०२१ मध्ये व्हॅलेन्सियात दिसले. पावसात झालेल्या त्या शर्यतीत अपघातांमुळे सेफ्टी कार वारंवार बाहेर आली. तेव्हाच्या नियमानुसार त्या दरम्यानच्या दर मिनिटाला १ युनिट याप्रमाणे वापरता येणारी ऊर्जा कमी केली जात होती. वेळ संपण्याच्या अगदी काही क्षण आधी आघाडीच्या गाडीने रेषा ओलांडली आणि शर्यत आणखी एका फेरीने लांबली. त्या फेरीसाठी बहुतेकांकडे ऊर्जाच उरली नव्हती. आघाडीवरच्या अनेक गाड्या अक्षरशः रेंगाळत आल्या. ऊर्जेचा अंदाज बरोबर राखलेला निक डी व्रिस जिंकला. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती फजिती होती. अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र गणिताच्या बाहेरची परिस्थिती गृहीत न धरल्याचा धडा.

सुरक्षेसाठी वेगळे काय?

बॅटरी चालकाच्या पाठीमागे, कार्बन फायबरच्या भक्कम कवचात असते. गाडीच्या सांगाड्यात वीज उतरत नाही ना, यावर सतत देखरेख ठेवणारी यंत्रणा असते. अपघातानंतर गाडीवरचा दिवा हिरवा असेल तरच कर्मचारी तिला हात लावतात. दिवा लाल असेल तर चालकाला गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही, अशी बाहेर उडी मारावी लागते.

शर्यतीत चार्जिंग कसे शक्य झाले?

तिसऱ्या पिढीत अतिवेगवान चार्जिंग आणण्याची घोषणा आधीच झाली होती. प्रत्यक्षात ते लांबत गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाच्या शर्यतीत ‘पिट बूस्ट’ या नावाने अवतरले. गाडी ३० सेकंद थांबते, ६०० किलोवॅटपर्यंतच्या दराने वीज घेते आणि ३.८५ युनिट म्हणजे बॅटरीच्या १० टक्के ऊर्जा मिळवून निघते.

तुलनेसाठी, ‘बीई ६’ची मोठी, ७९ युनिटची बॅटरी योग्य क्षमतेच्या डीसी चार्जरवर २० मिनिटांत २० वरून ८० टक्क्यांपर्यंत जाते, असे कंपनी सांगते. शर्यतगाडीचा चार्जिंगचा दर त्याहून कितीतरी अधिक आहे. पण तिला दहा टक्केच ऊर्जा घ्यायची असते, तीही सेलचे तापमान काटेकोर सांभाळून आणि वर्षानुवर्षे टिकण्याची अट नसताना. त्यामुळे ‘३० सेकंदांत चार्जिंग’ उद्या महामार्गावर मिळेल, असा अर्थ कुणी काढू नये.

चौथ्या पिढीत नवे काय?

तिसऱ्या पिढीच्या सुधारित ‘इव्हो’ गाडीत पुढची मोटर ताकद देण्यासाठीही वापरायला सुरुवात झाली. पण फक्त सुरुवातीला, अ‍ॅटॅक मोडमध्ये आणि पात्रता फेरीतील द्वंद्वांत. तेवढ्यानेही ही गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग दोन सेकंदांच्या आत गाठते. चौथ्या पिढीत चारही चाकांना ताकद कायम मिळेल. शर्यतीत ४५० आणि अ‍ॅटॅक मोडमध्ये ६०० किलोवॅट, ऊर्जा परत मिळवण्याचा दर ७०० किलोवॅट. बॅटरी पोडियम अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजची, पुढची मोटर मॅरेलीची. पहिल्यांदाच पॉवर स्टिअरिंग असेल आणि हवेच्या दाबासाठी बाह्यांगाच्या दोन वेगवेगळ्या मांडण्या असतील.

याची दुसरी बाजू ट्रॅकची आहे. ही स्पर्धा जन्मली ती शहरांच्या मध्यवर्ती रस्त्यांवर धावण्यासाठी. कमी आवाज आणि धूर नाही, हे तिचे भांडवल. पण गाड्या जसजशा वेगवान झाल्या, तसतसे दोन भिंतींमधले अरुंद रस्ते अपुरे पडू लागले. रोमची शहरातली शर्यत जाऊन २०२४ मध्ये तिच्या जागी मिसानो हा कायमस्वरूपी ट्रॅक आला. त्याच वर्षी शांघायचीही भर पडली. नवी गाडी आणखी मोठी आणि वेगवान असल्याने हा ओघ वाढण्याचीच चिन्हे आहेत.

रस्त्यावरच्या गाडीला यातून काय मिळते?

‘शर्यतीतून रस्त्यावर’ ही या स्पर्धेची घोषणा. तिची छाननी नियमांवरूनच करता येते. संघ ज्या भागांत स्पर्धा करतात, तेच ज्ञान कंपनीत परतते : मोटरीची कार्यक्षमता, इन्व्हर्टर, उष्णतेचे व्यवस्थापन, ऊर्जा परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर. उदाहरण जॅग्वारचे. फॉर्म्युला-ईच्या जोडीने होणाऱ्या आय-पेस ई-ट्रॉफी शर्यतींतील अनुभवावरून कंपनीने २०१९ मध्ये ‘आय-पेस’साठी सॉफ्टवेअर सुधारणा दिली आणि एका चार्जमध्ये सुमारे २० किलोमीटर अधिक मिळतील असे सांगितले. बॅटरी तीच, गाडी तीच.

पण ग्राहकाला सर्वाधिक सतावणारे प्रश्न बॅटरीचे असतात. किंमत किती, टिकणार किती वर्षे, आग लागण्याची भीती किती, चार्जर कुठे. आणि बॅटरी हाच भाग फॉर्म्युला-ईमध्ये सर्वांना समान आहे. तिच्यावर संघांमध्ये स्पर्धाच नाही. शिवाय शर्यतीची बॅटरी झटपट ऊर्जा देण्या-घेण्यासाठी बनते. भारतातल्या अनेक विजेच्या मोटारींत स्वस्त, टिकाऊ आणि उष्णतेला तुलनेने स्थिर अशा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलना पसंती मिळते. दोन्हींचे प्राधान्यक्रम वेगळे आहेत.

बीएमडब्ल्यूने डिसेंबर २०२० मध्ये स्पर्धा सोडण्याचा निर्णय जाहीर करताना, या मार्गाने मोटारींसाठी मिळण्यासारखे तंत्रज्ञान आपण जवळपास मिळवून झालो आहोत, असेच कारण दिले होते. ऑडीही त्याच सुमारास बाहेर पडली आणि २०२२ च्या हंगामानंतर मर्सिडीजने निरोप घेतला. बॅटरी खुली केली तर खर्च भडकेल आणि छोटे संघ संपतील, हा आयोजकांचा मुद्दा चुकीचा नाही. पण मग ‘शर्यतीतून रस्त्यावर’ या घोषणेलाही तेवढीच मर्यादा पडते.

भारत यात कुठे आहे?

महिंद्रा रेसिंग हा पहिल्या दहा संघांपैकी एक आणि आजही स्पर्धेत आहे. बीजिंगच्या पहिल्या शर्यतीत करुण चंढोक या संघाकडून धावला. संघाचा पहिला विजय २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने मिळवून दिला. तिसऱ्या पिढीची सुरुवात मात्र वाईट गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाउनला मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षेची शंका आल्याने संघाला गाड्या मागे घ्याव्या लागल्या. महिंद्राचीच पॉवरट्रेन वापरणाऱ्या अ‍ॅब्ट संघानेही माघार घेतली. पुढची यंत्रसामग्री नव्याने बनवल्यावर चित्र पालटले आणि २०२४-२५ च्या हंगामात महिंद्राने सांघिक क्रमवारीत चौथे स्थान मिळवले. जॅग्वारची मालकी टाटा समूहाकडे असून, ‘जॅग्वार टीसीएस रेसिंग’ने २०२४ मध्ये सांघिक अजिंक्यपद जिंकले. मुंबईकर जेहान दारुवालाही २०२३-२४ च्या हंगामात मासेराती संघाकडून या स्पर्धेत धावला.

तरी एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होतात. शर्यतीचा संघ मात्र इंग्लंडमधील बॅनबरी येथे आहे. जॅग्वारचा संघही इंग्लंडमधलाच. भांडवल आणि नाव भारतीय, पण मोटर आणि इन्व्हर्टरवर रात्री जागवणारे अभियंते प्रामुख्याने युरोपात.

स्पर्धा भारतात रुजवण्याचा प्रयत्नही अर्ध्यावर राहिला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये हुसेन सागरच्या काठी शर्यत झाली, ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. पुढच्या वर्षीची शर्यत तेलंगणमधील सत्ताबदलानंतर जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. करार मोडल्याचा आरोप आयोजकांनी राज्याच्या नगरविकास खात्यावर केला आणि आधीच्या सरकारने दिलेल्या पैशांचा वाद तपास यंत्रणांपर्यंत गेला.

विजेवरची एकआसनी गाडी भारतात प्रत्यक्ष हाताने घडते ती महाविद्यालयांत. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थी स्पर्धेत विजेच्या गाड्यांचा स्वतंत्र गट आहे. आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ २०१२ पासून विजेच्या गाड्या बनवत आला आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत ताकदीची मर्यादा ८० किलोवॅट आणि विद्युतदाबाची ६०० व्होल्ट आहे. ही गाडी फॉर्म्युला-ईच्या जवळपासही वेगवान नाही. पण इथे बॅटरी समान नसते. सेल निवडण्यापासून त्यांचे पॅक बांधणे, ते थंड ठेवणे आणि सुरक्षा तपासणीत उत्तीर्ण करणे, हे सगळे विद्यार्थी स्वतः करतात. फॉर्म्युला-ईच्या संघांना जे करायची मुभा नाही, नेमके तेच.

महिंद्राने चौथ्या पिढीसाठी, म्हणजे २०३० पर्यंत स्पर्धेत राहण्याची तयारी दाखवली आहे. तोवर बॅटरी सर्वांना समानच राहणार आहे. त्यामुळे नव्या गाडीच्या ८०० अश्वशक्तीपेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायला हवे. बॅनबरीत शिकलेले चाकणच्या गाड्यांत किती उतरते, ही एक. आणि बॅटरी स्वतः बांधून पाहिलेल्या इथल्या विद्यार्थ्यांना त्याच कामाच्या नोकऱ्या देशात मिळतात की नाही, ही दुसरी.